शेर्मन पद्धतीचा घडीचा सापळा: रानउंदरांच्या अभ्यासासाठी

अ‍ॅल्युमिनियमचा, साधारण 23 सेंटिमीटर लांब. लहान रानउंदीर जिवंत पकडायला याहून सोयीचं साधन नाही. घडी घातली की पाठपिशवीत बरेच मावतात. चपट्या काटेरी केसांच्या म्यूस प्लॅटिथ्रिक्स या छोट्या उंदरासाठी पायपट्टी (पाय पडताच दार बंद करणारी आतली पट्टी) हलकी ठेवा, नाहीतर तो आमिष खाऊन पसार होतो. जर्बिलला, म्हणजे लांब शेपटीच्या रानउंदराला, मात्र हा सापळा आखूडच. शेपूट दारात अडकते, कातडी सोलली जाते आणि ओळखीसाठी लागणारं शेपटीचं माप हातचं जातं. त्याच्यासाठी लांब आकार घ्या. मोठी घूस यात मावतच नाही.

आमिषाला शेंगदाण्याचा कूट आणि बाजरीचं पीठ पुरे. गूळ नको, मुंग्या येतात, अडकलेल्या जिवाला चावतात. पत्रा भराभर तापतो, म्हणून उजाडताच फेरी मारा. थंडीत आत कापूस हवाच.