दगडीवर कोरफड-हळद-चुन्याचा लेप: गुण आहे, पण हात चालवावा लागतो

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्तनदाहासाठी, म्हणजे आपल्या दगडीसाठी, जो घरगुती लेप सुचवतं त्याचं एका दिवसाचं माप असं: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, खायचा चुना 15 ग्रॅम. पाच दिवसांचा हिशेब धरला तर सव्वा किलो कोरफड, पाव किलो हळद आणि 75 ग्रॅम चुना. खर्च किरकोळ. खरी किंमत मोजायची ती मजुरीत, कारण लेप दिवसातून दहा वेळा लावायचा असतो. बहुतेक गोठ्यांत तो सकाळ-संध्याकाळ दोनदाच लागतो आणि मग 'गुण आला नाही' म्हणून बोंब होते.

कोरफडीचे काटे काढून पान सालीसकट चिरायचं, हळद-चुन्याबरोबर मिक्सरमधून फिरवायचं. गोळा विटकरी लाल झाला पाहिजे. पिवळाच राहिला तर चुना कमी पडला किंवा हळद भेसळीची आहे. हळदीतलं कर्क्युमिन सूज उतरवतं, पण साध्या पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. चुन्याच्या अल्कलीत विरघळतं, आणि त्याच अल्कलीत झपाट्याने मोडतंही. म्हणून गोळा रोज ताजा. तीन दिवसांचा एकदम वाटून फ्रिजमध्ये ठेवण्यात काही अर्थ नाही.

लावताना मूठभर गोळा दीडशे-दोनशे मिली पाण्यात पातळ करायचा, कास धुऊन पूर्ण कासेवर फिरवायचा, नुसत्या सुजलेल्या सडावर नाही. सोबत पहिले तीन दिवस रोज दोन लिंबं चिरून खायला घालायची. धार काढण्याआधी लेप नीट धुऊन कास कोरडी पुसायची, नाहीतर दूध पिवळं येतं.

चुन्याबाबत हयगय नको. कळीचा चुना अजिबात चालत नाही, कातडी भाजते. विझवलेलाही अंदाजाने दोन चमचे जास्त पडला तर सडाला भेगा जातात, आणि भेगेत जंतूंना आयतीच जागा मिळते. वजनकाट्यावर मोजा.

लेप कुठे उपयोगी? काळ्या ताटलीत पहिल्या धारा घेतल्यावर बारीक गाठी दिसतात, कास थोडी गरम लागते, पण जनावर खातंय, रवंथ करतंय, अशा सुरुवातीच्या अवस्थेत. सीएमटी चाचणीत (दुधात द्रावण मिसळून दगडी ओळखायची चाचणी) दूध घट्ट होतं पण बाहेरून काही दिसत नाही, अशा सुप्त दगडीतही. अँटिबायोटिक नसल्याने औषधाचा अंश म्हणून दूध टाकावं लागत नाही. गाठीचं दूध मात्र डेअरीला घालायचं नाहीच.

बाजारातली तयार हर्बल जेलं वापरायला सोपी, धारेनंतर चोळली की झालं. पण कित्येक नळ्यांवर वनस्पतींची नुसती नावं असतात, प्रमाण नसतं. तेवढ्यावर दाम मोजणं पटत नाही. रात्रीच्या पाळीला हाताशी असावी इतपत ठीक.

महिनोन्‌महिने कडक होऊन बसलेला सड या लेपाने मऊ होत नाही, तिथे पाच दिवस वाया जातात. आणि ताप 104 फॅरनहाइटच्या वर, खाणं बंद, दूध पाण्यासारखं किंवा कास थंड-निळसर पडलेली असेल, तर लेप वाटत बसू नका. पशुवैद्यकाला त्याच तासाला बोलवा. त्यात सडच काय, जनावरही जातं.