लिबरऑफिस रायटरवर मराठी काम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

लिबरऑफिस या मोफत ऑफिस संचातल्या रायटर या लेखनाच्या प्रोग्रॅमवर मोठं मराठी लिखाण नीट होतं का? आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर उत्तर ‘हो’ आहे. पण सुरुवातीचे काही आठवडे हा प्रोग्रॅम भरवशाचा वाटत नाही. अक्षरं मनासारखी मोठी होत नाहीत, फाइल ‘दुसऱ्या कोणीतरी उघडली आहे’ म्हणून अडते, स्क्रीनवर काळे चौकोन येतात. यातल्या बहुतेक गोष्टींची कारणं ठरलेली आहेत आणि उपायही आहेत. ते एकाच जागी कुठे सांगितलेले नसतात, ही खरी अडचण.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट आधी. रायटर रोमन आणि देवनागरी मजकुराला दोन वेगळे फाँट, दोन वेगळे आकार आणि दोन वेगळ्या भाषा लावतो. देवनागरी ‘कॉम्प्लेक्स’ गटात मोडते. स्टाइलमध्ये (मजकुराच्या ठरवून ठेवलेल्या रूपात) ‘वेस्टर्न’चा, म्हणजे रोमन अक्षरांचा, आकार १४ केला आणि ‘कॉम्प्लेक्स’चा तसाच ठेवला, तर मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. प्रोग्रॅम बिघडला असं वाटतं, पण तो सांगितलं तेवढंच करतो आहे. आधी टूल्स – ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर मराठी निवडा. मग ‘डिफॉल्ट पॅरेग्राफ स्टाइल’ उघडून दोन्ही गटांत एकच फाँट आणि एकच आकार द्या. मुक्तासारखा फाँट घेतला की काम सोपं होतं, कारण त्यात रोमन आणि देवनागरी दोन्ही अक्षरं आहेत.

हे केलं नाही तर विरामचिन्हं आणि इंग्रजी आकडे छळतात. त्यांना स्वतःची लिपी नसते, त्यामुळे ते आधीच्या मजकुराची लिपी धरतात. मराठी शब्दानंतरचा कंस एका फाँटचा, इंग्रजी शब्दानंतरचा दुसऱ्या फाँटचा. छापून आल्यावरच ते डोळ्यांत खुपतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

भाषेच्या पानावर हिंदी राहून गेली, तर दोन परिणाम होतात. शुद्धलेखन तपासणी हिंदीच्या हिशेबाने चालते, हा एक. दुसरा पटकन लक्षात येत नाही: नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फाँटमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात, आणि मजकुराची भाषा मराठी असेल तरच ते उमटतात. आदल्या प्रकरणात मराठी ‘ल’ आणि पुढच्यात हिंदी वळणाचा ‘ल’ दिसला, तर फाँट बदलत बसू नका. त्या परिच्छेदाची भाषा बघा, ती खालच्या पट्टीवर दिसते.

मराठी शब्दकोश जोडल्यावरही तपासणीकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. ‘घरापर्यंतच्यांना’सारखी प्रत्ययांची साखळी आली की लाल रेघ पडतेच. नेहमीचे शब्द स्वतःच्या यादीत घालत राहणं, एवढंच हातात आहे.

जुन्या फायलींचं दुखणं वेगळं. शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांमधला मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरंच असतो. ‘ऑटोकरेक्ट’ (टाइप करताना चुका आपोआप सुधारणारी सोय) त्यातलं वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतं, सलग दोन कॅपिटल दिसली की दुसरं लहान करतं, आणि पडद्यावर भलतंच अक्षर उमटतं. अशा फायलीत टाइप करण्याआधी टूल्स – ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये या दोन्ही खुणा काढा. युनिकोडमध्ये (आजच्या प्रमाण अक्षर-पद्धतीत) बदलून घेतलेल्या मजकुरातही एक फट राहते. ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतला अर्धा र दोन प्रकारे साठवलेला असू शकतो: एक खालच्या बिंदूच्या ऱ पासून, दुसरा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. बदललेल्या मजकुरातलं जोडाक्षर कॉपी करून ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये चिकटवा आणि त्याच्या जागी आपल्या कीबोर्डवरचं घाला. ऱ्य आणि ऱ्ह या दोन जोड्या केल्या की बहुतेक काम संपतं.

आता बंद पडण्याबद्दल. विंडोजवर काळे चौकोन, थरथरणाऱ्या ओळी किंवा स्क्रोल करताना पुसट होणारा मजकूर दिसला, तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हर आणि ‘स्किया’ यांच्या जोडीवर घ्यावा. आवृत्ती ७.० पासून विंडोजवर चित्रण या स्कियामार्फत होतं. टूल्स – ऑप्शन्स – व्ह्यूमध्ये त्याला सॉफ्टवेअर पद्धतीने चालायला भाग पाडणारी खूण आहे, ती करून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा. सुरूच होत नसेल तर ‘सेफ मोड’ (तात्पुरत्या कोऱ्या सेटिंगवर प्रोग्रॅम सुरू करण्याची सोय) वापरा. तिथून सेटिंग मूळ स्थितीत आणता येतात, फायलींना धक्का लागत नाही. पुन्हा नव्याने इन्स्टॉल करून मात्र बहुधा काहीच सुटत नाही, कारण बिघाड असतो तो वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्याची सेटिंग साठवणाऱ्या फोल्डरमध्ये, आणि ते फोल्डर जुनंच राहतं.

बंद पडल्यावर फाइल कुलूपबंद दिसते, कारण तिच्या शेजारी ‘लॉक’ नावाची एक लपलेली छोटी फाइल मागे राहिलेली असते. आधी टास्क मॅनेजरमध्ये ‘एसऑफिस’ (तिथे लिबरऑफिस या नावाने दिसतं) अजून चालू आहे का ते बघून बंद करा, मगच ती फाइल पुसा. उलट क्रमाने केलं आणि खरंच दुसऱ्या खिडकीत मजकूर उघडा असला, तर एकाचं काम दुसऱ्यावर लिहिलं जातं.

‘ऑटोरिकव्हरी’ (चालू काम मधूनमधून आपोआप राखून ठेवणारी सोय) आहे म्हणजे लिखाण सुरक्षित आहे, हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. २०२४ सालच्या २४.२ आवृत्तीपासून ती आणि बॅकअप प्रत या दोन्ही सोयी आपोआप चालू असतात. ऑटोरिकव्हरी दर दहा मिनिटांनी चालते, पण ती फक्त प्रोग्रॅम कोसळल्यावर कामी येते. बंद करताना घाईत ‘डोन्ट सेव्ह’ दाबलं तर ती वाचवत नाही. बॅकअप प्रत आधीच्या सेव्हची असते, एकच. दोनदा सेव्ह केलं की कालचं लिखाण त्यात उरत नाही. फाइल – व्हर्जन्स ही सोय चांगली आहे, पण त्या आवृत्त्या त्याच फायलीत राहतात. फाइल बिघडली की सगळ्या जातात, आणि ‘सेव्ह ॲज’ केल्यावर नव्या प्रतीत त्या येतही नाहीत. म्हणून रोज संध्याकाळी नावात तारीख घालून एक वेगळी प्रत, तीही दुसऱ्या ड्राइव्हवर. चित्रांनी जड झालेली फाइल आपोआप सेव्ह होताना टाइप करणं अडतं. प्रकरणांच्या वेगळ्या फायली केल्या की हा त्रास खूप कमी होतो.

वर्डच्या फायलींची ये-जा करायची असेल, तर मूळ प्रत ओडीटीतच (रायटरच्या स्वतःच्या फाइल-प्रकारात) ठेवा आणि डॉक्स (वर्डचा फाइल-प्रकार) फक्त पाठवण्यासाठी काढा. साधा मजकूर आणि तळटीपा बऱ्यापैकी जातात. चौकटी आणि गुंतागुंतीचे तक्ते हलतात, प्रत्येक फेरीला थोडे आणखी. संपादक वर्डमध्येच दुरुस्त्या नोंदवणार असतील, तर ते पुस्तक रायटरवर करू नये, हे स्पष्ट मत.

आणि एखादी ओडीटी उघडलीच नाही, तर तिची प्रत करून त्या प्रतीचं एक्स्टेन्शन झिप करा. ओडीटी मुळात झिपच असते. सेव्हन-झिप या झिप फायली उघडणाऱ्या प्रोग्रॅमने उघडल्यावर ‘काँटेंट’ नावाच्या फायलीत सगळा मजकूर खुणांच्या गर्दीत सापडू शकतो, आणि ‘पिक्चर्स’ फोल्डरमध्ये चित्रं.