सासूबाईंचा अटेंडन्स अलाउन्स आणि एज यूकेची मोफत मदत: माझा अनुभव

सासूबाईंना पार्किन्सन्स होऊन चार वर्षं झाली. त्या इथे ब्रिटनमध्ये आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे काउन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. आमच्याकडे या म्हटलं की "माझं घर सोडून मी कुठे येत नाही" हे ठरलेलं उत्तर. मी सकाळी सातला तिकडे जाते, दुपारी घरी एक चक्कर, संध्याकाळी पुन्हा. त्यासाठी दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली. एवढं करूनही सरकारकडून मिळण्यासारखं काही असेल तर ते मागावं, हे आमच्या डोक्यात फार उशिरा आलं.

पहिला फॉर्म आम्ही घरीच भरला. अटेंडन्स अलाउन्स हा आजारपणामुळे मदत लागणाऱ्या, पेन्शनच्या वयानंतरच्या माणसांसाठीचा सरकारी भत्ता असतो. उत्पन्न किंवा बचत बघत नाहीत, फक्त सहा महिन्यांपासून मदतीची गरज असायला हवी. मी एकेक प्रश्न मराठीत विचारत गेले. "आई, कपडे तुमचे तुम्ही घालता ना?" "घालते की! मला काय झालंय?" मी 'हो' लिहिलं. त्या हो साठी त्यांना चाळीस मिनिटं लागतात, साडी सोडून गाऊनवर आल्या त्यालाही वर्ष झालंय, हे मी लिहिलंच नाही. नकाराचं पत्र आलं. चूक माझीच होती. त्यांच्या चांगल्या दिवसावरून मी सगळा फॉर्म भरला होता.

मग ओळखीतून एक खासगी सल्लागार भेटला. फॉर्म भरून देण्याचे १५० पौंड, आणि तेही आधी. मी देणारही होते, पण नवरा म्हणाला, आधी एज यूके या ज्येष्ठांसाठीच्या सेवाभावी संस्थेच्या हेल्पलाइनला विचारून बघ. ती वर्षाचे ३६५ दिवस सकाळी आठ ते संध्याकाळी सात चालू असते आणि फोनचे पैसे लागत नाहीत. फोनवरच्या मुलीने सगळ्यात आधी पत्रावरची तारीख विचारली. निर्णय पटला नाही तर त्या तारखेपासून महिन्याच्या आत 'मॅन्डेटरी रिकन्सिडरेशन', म्हणजे फेरविचार, मागावा लागतो. आमचे एकोणीस दिवस गेले होते. तिने आम्हाला आमच्या भागातल्या एज यूकेशी जोडून दिलं आणि आठवड्याभरात तिथल्या सल्लागार बाई घरी आल्या.

या बाईंबद्दल मला सविस्तर सांगायचंय, कारण खरी मदत तिथे झाली.

आईंनी चहा ठेवायला लावला. मी सगळ्यांना कप दिले. बाईंनी विचारलं, "यांचा कप अर्धाच का?" आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की मला क्षणभर प्रश्नच कळला नाही. पूर्ण कप भरला तर हात थरथरून अंगावर सांडतो, मागच्या हिवाळ्यात मांडी भाजली होती. बाईंनी ते लिहून घेतलं. मग पुढचे प्रश्न. किटली कोण उचलतं? गोळ्यांच्या पाकिटातून गोळी कोण काढून देतं? खुर्चीतून उठायला किती वेळा प्रयत्न करावा लागतो? फॉर्मवर 'मदत लागते का' एवढंच असतं, आणि माणूस 'नाही हो' म्हणून मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट मी जन्मात विसरणार नाही. मी दुभाषाचं काम करत होते. बाथरूमचे प्रश्न आले तशा आई गप्प झाल्या. बाईंनी मला बाहेर बोलावून हळूच विचारलं, "फोनवर मराठी दुभाषी घेतला तर चालेल का? सुनेसमोर बोलायला त्यांना अवघड जात असेल." मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. दार बंद होतं. पाऊण तासाने बाईंनी आईंच्या परवानगीने लिहिलेलं मला वाचून दाखवलं. रात्री तीन-तीनदा उठावं लागतं. दोनदा पडल्या, पैकी एकदा पहाटेपर्यंत फरशीवर बसून होत्या, कारण "सुनेला किती वेळा उठवायचं". मी रोज जात होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी रडले. बाई थांबल्या, घाई केली नाही.

त्यांनी सांगितलेला एक मुद्दा सगळ्यांनी लक्षात ठेवा: मदत *मिळते* किती हे बघत नाहीत, *लागते* किती हे बघतात. रात्री कुणी सोबत नसलं तरी रात्रीची गरज मोजली जाते. आम्ही आठवडाभर वही ठेवली (१:४०, ३:१५, ५:००, अशा नोंदी), जीपीचं (फॅमिली डॉक्टरचं) पत्र जोडलं. फेरविचारात वरचा दर मंजूर झाला. २०२५-२६ साठी तो आठवड्याला ११०.४० पौंड होता, खालचा ७३.९०.

मी लगेच केअरर्स अलाउन्सचा, म्हणजे सेवा करणाऱ्याला मिळणाऱ्या भत्त्याचा, अर्ज करायला निघाले. आठवड्याला ३५ तास सेवा, मी कितीतरी जास्त करते. बाई म्हणाल्या, थांबा, आधी आईंचं पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना सरकार देतं ती भर, बघू. आमची समजूत अशी की थोडी बचत असली की ते मिळत नाही. प्रत्यक्षात पहिले १०,००० पौंड धरतच नाहीत, आणि आईंकडे सहा हजार होते. त्यांची पेन्शन आठवड्याला १४१. २०२५-२६ मध्ये एकट्या माणसाची किमान पातळी २२७.१० होती, आणि अटेंडन्स अलाउन्स घेणारी व्यक्ती एकटी राहत असेल तर त्यावर आणखी ८२.९०. म्हणजे ३१०, वजा १४१, आठवड्याला १६९ पौंड त्या इतकी वर्षं न मागता बसल्या होत्या का? नाही, जादा भाग आजारपणाचा आहे. पण मूळचा ८६ पौंडांचा हक्क कितीतरी वर्षं तसाच पडून होता, आणि मागची थकबाकी फक्त तीन महिन्यांची मिळते. याची हळहळ आजही वाटते.

आता केअरर्स अलाउन्सची गंमत बघा, म्हणजे हिशोब. मी तो घेतला असता तर मला ८३.३० मिळाले असते, आणि आईंचे ते वरचे ८२.९० बंद झाले असते. घरात चाळीस पेन्स जास्त, शिवाय माझे पैसे करपात्र. बाईंनी त्याऐवजी केअरर्स क्रेडिटचा फॉर्म दिला. त्यात पैसे मिळत नाहीत, पण आठवड्याला २० तास सेवा करणाऱ्याच्या नॅशनल इन्शुरन्सची वर्षं, ज्यांवर सरकारी पेन्शन ठरते, भरत राहतात. माझी सत्तावीस वर्षं झालीत, पूर्ण पेन्शनला साधारण ३५ लागतात. माझ्या म्हातारपणाचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी केला.

प्रत्येक घराचा हिशोब वेगळा निघेल. तुम्ही नोकरी करत असाल तर केअरर्स अलाउन्सला कमाईची मर्यादा आहे (२०२५-२६ मध्ये कर वगैरे वजा जाता आठवड्याला १९६ पौंड), आणि ती एका पौंडाने ओलांडली तरी त्या आठवड्याचा सगळा अलाउन्स जातो. स्कॉटलंडमध्ये या दोन्ही भत्त्यांची नावं आणि अर्ज वेगळे आहेत. आईवडिलांना अलीकडे व्हिसावर आणलं असेल आणि त्यावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) असं लिहिलेलं असेल, तर इमिग्रेशनच्या जाणकाराला विचारल्याशिवाय कुठलाच अर्ज करू नका.

स्थानिक एज यूके या स्वतंत्र संस्था आहेत, त्यामुळे घरी येणं सगळीकडे मिळेलच असं नाही. तसं असेल तर सिटिझन्स ॲडव्हाइस आणि काउन्सिलचे वेल्फेअर राइट्सवाले आहेत, केअरर्स यूकेही आहे. कुठेही एक पैसा देऊ नका. आणि अटेंडन्स अलाउन्सचा फॉर्म फोन करूनच मागवा. सहा आठवड्यांत परत पाठवलात तर पैसे फोन केल्या तारखेपासून धरतात.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी एक बाई आईंना आंघोळ घालायला येते. तिचे पैसे आई स्वतः मोजून देतात. नोटा बोटांत धरायला वेळ लागतो, पण मी पुढे झाले की म्हणतात, "राहू दे गं, माझे मी देते."