आयरिश गाड्यांचं मॉडेल: १६.५ मिमी की २१ मिमी रूळ?

आयर्लंडच्या रेल्वेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६०० मिमी. १ फुटाला ४ मिमी या प्रमाणात तो २१ मिमी भरतो, पण बाजारातला ओओ (याच प्रमाणातल्या मॉडेलांचा नेहमीचा) रूळ १६.५ मिमीचा. साडेचार मिमीचा हा फरक समोरून पाहिलं की खटकतो. इंजिन पाय जवळ घेऊन उभं असल्यासारखं दिसतं. भारतीय ब्रॉडगेजला सरावलेल्या डोळ्यांना तर जास्तच.

तरी १६.५ मिमीत मर्फी मॉडेल्स कंपनीचं ०७१ हे आयरिश डिझेल इंजिन खोक्यातून काढलं की लगेच चालतं.

२१ मिमीत रूळ सहसा हातानंच बांधायचा. तांब्याचा थर असलेले स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) घ्या, एक रूळ डाखा, दुसरा अंतर मोजायचं गेज लावून. प्रत्येक स्लीपरवरचा थर मधोमध कापायचाच. एक जरी राहिला तरी दोन रुळांत शॉर्ट सर्किट. चाकांना लांब आस लागतात, मग ती ब्रेकच्या ठोकळ्यांना घासतात. ठोकळे आतून तासावे लागतात. वाफेच्या इंजिनात क्रँकपिनही (चाकाला जोडदांडा बसवायची खुंटी) अडते, म्हणून सुरुवात डिझेलनं करावी.

छोटं स्टेशन, दोन-तीन गाड्या एवढंच असेल तर २१ मिमी परवडतं. मोठ्या लेआउटला (मॉडेल रेल्वेच्या मांडणीला) १६.५ मिमीच घ्या. फक्त स्लीपरमधले प्लास्टिकचे दुवे कापून स्लीपर थोडे विरळ करा.