ट्रेलरची जमीन नवीकोरी दिसली तर आधी खाली काय आहे ते बघा

वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, घ्यायच्या विचारात असाल तर हे वाचा. आम्हाला विकलेल्या ट्रेलरची जमीन कुजलेली होती आणि विकणाऱ्याला ते माहीत होतं. हे मी अंदाजाने म्हणत नाही. पलंगापाशी पाय दबायला लागला म्हणून जमिनीवर अंथरलेलं नवं व्हिनाईल (प्लास्टिकचं फ्लोरिंग) उचकटलं, तर खाली सडक्या प्लायवुडवर पातळ प्लायचे तुकडे ठोकून सपाटी केलेली निघाली. मूळ लाकूड काळं पडलेलं, चिमटीत धरलं की भुगा होत होता. ते तुकडे ठोकणाऱ्याला हे दिसलं नसेल?

"गळती आहे का?" असं आम्ही सरळ विचारलं होतं. "कधीच नाही, फ्लोरिंग तर तुमच्यासाठी मुद्दाम नवं टाकलंय," हे त्याचं उत्तर. आत सुगंधी स्प्रे मारलेला होता. त्याचा वास उडाल्यावर कपाटांतून कुबट वास यायला लागला.

पाणी बहुतेक वेळा वरून येतं. छपरावरच्या व्हेंट आणि स्कायलाइटभोवतीचा सीलंट (फटी बुजवणारा लेप) उन्हाने तडकतो, कडेच्या पट्ट्यांखालची ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) वाळते. केसाएवढ्या फटीतून शिरलेलं पाणी भिंतीच्या आतल्या लाकडी चौकटीवरून ओघळत जमिनीच्या कडेला येऊन साचतं. त्यामुळे छताला डागसुद्धा नसतो आणि कोपरा मात्र सडत जातो. वर व्हिनाईल, खाली प्लास्टिकचं आवरण, मधे भिजलेलं इन्सुलेशन. ओल सुकणार कुठून? लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की कुजण्याचा धोका सुरू होतो. टोचून ओल मोजणारं छोटं मीटर मिळतं, ते घेऊनच बघायला जा. खिडक्यांखाली, पुढच्या कोपऱ्यांत, कपाटांच्या आत टोचून बघा. विकणारा टोचू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

चालताना खोलीच्या मधोमध चालू नका. भिंतीलगत, टॉयलेटभोवती, दारापाशी आणि स्लाइडआउटच्या (बाहेर सरकवून खोली मोठी करता येते त्या भागाच्या) कडेला टाचेने जोर द्या. बाहेरून फायबरग्लासच्या भिंतीला डोळा लावून तिरपं बघा. फुगवटा दिसला तर आतला थर सुटलाय. कोपऱ्याच्या पट्टीतली व्हिनाईलची फीत थोडी काढली की स्क्रू दिसतात. ते गंजलेले असतील तर पाणी आत गेलेलं आहे. शिडी लावून छपरावर चढा. जुन्या सीलंटवर सिलिकॉनचे थर चोपडलेले दिसले तर का चोपडले ते विचारा. नळ बंद असताना पाण्याचा पंप मधूनमधून आपोआप सुरू होत असेल तर पाइप गळत असू शकतो. शक्य असेल तर प्रेशर टेस्ट करून घ्या: पंख्याने आत हवेचा दाब वाढवतात, बाहेरून साबणाचं पाणी मारतात, आणि फट असेल तिथे बुडबुडे येतात.

"थोडं कुजलंय, भाव कमी करतो" याला तर मुळीच भुलू नका. ट्रेलर बांधताना आधी जमीन टाकतात, मग तिच्यावर भिंती आणि कपाटं उभी करतात. कडेची जमीन बदलायची म्हणजे कपाटं काढून भिंतीला टेकू द्यावा लागतो.

आम्ही जाब विचारला तेव्हा त्याने करारातली "आहे त्या स्थितीत" ही ओळ दाखवली. तोंडी दिलेलं "कधीच नाही" कागदावर कुठेच नव्हतं. म्हणून गळती झालेली नाही आणि जमिनीची दुरुस्ती केलेली नाही, ही दोन वाक्यं विकणाऱ्याकडून सहीसकट लिहून घ्या, पैसे देण्याआधी.