तीस हजारांची पावती

आखातातल्या नोकरीसाठी एजंटला एक लाख दहा हजार दिले, पावती मिळाली तीस हजारांची. खाली कार्बन ठेवून, शिक्का मारून, नुसतं 'सर्व्हिस चार्ज' लिहिलेली. "सरकारी रेट तीसच आहे, त्याचीच पावती देता येते," एजंट म्हणाला. यात अर्धं खरं होतं. नोंदणी असलेल्या एजंटला ३० हजार आणि वर जीएसटी, एवढेच घेता येतात. म्हणजे उरलेले ऐंशी मागतानाच त्याने कायदा मोडला होता, आणि मी ते मुकाट्याने मोजून दिले.

मी चिपळूणकडचा. आयटीआय करून एसी-फ्रिजची कामं करायचो. एजंट शेजारच्या वाडीतला, मुंबईतल्या कुठल्याशा ऑफिससाठी पोरं जमवणारा. त्याची चौकशी करायची म्हणजे भावकीत वाकडं. आईने बांगड्या पतपेढीत ठेवल्या. शारजात एसी टेक्निशियन, १,८०० दिरहम, राहणं कंपनीचं, असं ठरलं.

व्हिसा आला निघायच्या आदल्या रात्री, व्हॉट्सअॅपवर, फोटो काढून. वरची पट्टी कापलेली. व्हिसाचा प्रकार तिथेच लिहिलेला असतो, हे मला कुठून माहीत असणार?

"इमिग्रेशनला फिरायला चाललो म्हण. कामाचं काढलंस तर शंभर प्रश्न विचारतील," एजंट म्हणाला. मी दहावी पास, त्यामुळे पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे नोकरीला जाताना सरकारी मंजुरी न लागणारा. ईसीआर पासपोर्टवाल्याला आखातात नोकरीला जायचं तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून ती मंजुरी घ्यावी लागते. "तुला ती कटकट नाही," हे त्याने मला नशीब म्हणून सांगितलं. काउंटरवर साहेबांनी विचारलं, "कशाला?" मी म्हटलं, "फिरायला."

शारजात कंपनी नव्हतीच. एक ठेकेदार, एक खोली, नऊ जण. गच्चीवरच्या एसींची कामं, हातात जेवणापुरते पैसे, आणि "व्हिसा चेंज होतोय." दीड महिना हेच. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा, मुदत उलटली की दिवसाला ५० दिरहम दंड. हे दोन्ही ठेकेदारच रोज ऐकवायचा, म्हणजे तक्रारीला जायची सोय नाही.

खोलीतल्या एका केरळवाल्याने विचारलं, "इथल्या कामगार मंत्रालयाच्या ऑफर लेटरवर सही केली होतीस का?" असं काही असतं हेच मला नवीन. त्याने अमिरातीच्या सरकारी साइटवर माझा व्हिसा नंबर टाकला. टूरिस्ट, खात्रीच झाली. दोन मिनिटांचं काम, चिपळुणात बसूनही झालं असतं. भावाकडून तिकिटाचे पैसे मागवले आणि मुदत संपायच्या चार दिवस आधी परत आलो.

पोलीस ठाण्यात एजंट आला, खुर्चीवर टेकून बसला. "साहेब, हा टूरला गेला होता. पावती टूरचीच आहे. एअरपोर्टवर काय सांगितलंस, विचारा त्याला." पावतीवर नोकरीचा शब्द नाही, ऐंशी हजारांचा कागद नाही, आणि फिरायला चाललो हे मी माझ्याच तोंडाने सांगितलेलं. शिक्क्यावरचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटच्या यादीत शोधला, तो दुसऱ्याच एका ऑफिसचा निघाला. तेवढंच काय ते माझ्या बाजूचं. त्यावर अर्ज दिलाय, अजून तारखा चालू आहेत.

परवा वाडीतल्या एका पोराने त्याच्या व्हिसाचा फोटो पाठवला, दादा जरा बघा म्हणून. मोठा करून बघितला. वरची पट्टी कापलेली. लगेच फोन लावला, पैसे दिलेस का विचारलं.

"पन्नास दिलेत," म्हणाला. "बाकीचे उद्या."