आठ महिने डीएमआयडीकोड वापरल्यावर: एका सिरीयल नंबरने वाचवलेले पैसे

सेकंडहँड सर्व्हर घेणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितोय. डीएमआयडीकोड म्हणजे बायोसने (मशीन चालू होताना हार्डवेअर तपासणारा प्रोग्राम) नोंदवलेली पार्ट्सची माहिती सिरीयल नंबरसकट दाखवणारी लिनक्सची कमांड. प्रोसेसर, हार्डवेअर आणि मेमरी दाखवणाऱ्या एलएससीपीयू, एलएसएचडब्ल्यू, फ्री या कमांड तुम्हाला माहीतच असतील, त्या परत सांगत बसत नाही.

चार माणसांचं ऑफिस आमचं, नवीन सर्व्हर परवडत नाही म्हणून रिफर्बिश्ड घेतला. दोन झिऑन ई५-२६२० व्ही४ प्रोसेसर, ८ जीबीच्या आठ मेमरी (रॅम) स्टिक. विकणारा ३२ कोअर म्हणाला होता, एलएससीपीयू लावलं तर २ सॉकेट, ८-८ कोअर आणि प्रत्येकी २ थ्रेड, म्हणजे कोअर १६च. तेव्हाच सावध झालो आणि पहिल्याच दिवशी सुडो लावून (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) डीएमआयडीकोड हायफन टी १७, म्हणजे फक्त मेमरी स्टिकची माहिती, चालवलं, सगळं आउटपुट टेक्स्ट फाइलमध्ये टाकलं आणि "माल मिळाला" या मेलला ती फाइल जोडून दिली. पाच मिनिटांचं काम.

सातव्या महिन्यात महिनाअखेरीला व्हर्च्युअल मशीन रांगायला लागल्या. रीबूट केला, तरी तेच. फ्री हायफन एच बघितलं तर नेहमीच्या ६२ जीबीऐवजी ५४. परत १७ नंबर चालवला, डिम बी१ या मेमरी स्लॉटसमोर नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड, म्हणजे स्टिकच नाही. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, ओएस परत टाका. मग म्हणे ही स्टिक आमची नाहीच, तुम्ही बदलली असणार. झाकण उघडून स्टिक काढली, टॉर्च लावून स्टिकरवरचा सिरीयल नंबर पहिल्या दिवशीच्या फाइलशी अंकन् अंक जुळवला, फोटो आणि त्यांनाच पाठवलेला तो जुना मेल परत पाठवला. त्यानंतर आवाज बंद.

इथपर्यंत मी या कमांडला पैकीच्या पैकी देणार होतो. पण मग कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) जुना जर्नल, म्हणजे लॉग, उघडला आणि डोकंच फिरलं. तीन आठवड्यांपासून ईडॅक (कर्नलमधला मेमरीच्या चुका नोंदवणारा भाग) करेक्टेड एररच्या ओळी टाकत होता! म्हणजे ईसीसी (मेमरीतली चूक सुधारायची सोय) गुपचूप चुका दुरुस्त करत होती आणि मी बघतच नव्हतो. डीएमआयडीकोड फक्त बायोसने टेबलात लिहून ठेवलेलं वाचून दाखवतं, स्टिक आजारी आहे का हे त्याला कळत नाही, आणि बायोसची ही माहिती बरेचदा चुकीची किंवा अर्धवट असते हे त्याच्या मॅन पेजमध्येच (कमांडच्या माहितीपानावर) लिहिलंय. मी मात्र ते ब्रह्मवाक्य धरून चाललो होतो.

सगळ्यात संताप कशाचा येतो, तर नावांचा. ईडॅक म्हणतो सीपीयू सोर्सआयडी ०, चॅनल १, डिम ०, आणि डीएमआयडीकोड म्हणतं डिम बी१. एकच स्लॉट, दोन नावं, आणि झाकणाच्या आतल्या नकाशावर फक्त डिम बी१ हेच. रात्री अकराला मान वाकडी करून हे जुळवायला लागलं, चुकीची स्टिक काढली असती तर चांगली स्टिक हातची गेली असती. शेवटी कागदावर तक्ता काढून झाकणाला आतून चिकटवला, तुम्हीही मशीन चालू व्हायच्या आधीच चिकटवा.

डीएमआयडीकोडमधल्या स्पीडच्या दोन ओळींवरून घाबरू नका. स्पीड २४०० आणि कॉन्फिगर्ड मेमरी स्पीड २१३३ दिसलं की स्टिक खराब नसते, या प्रोसेसरची मर्यादाच २१३३ आहे. मी यावरून उगाच एक दिवस भांडलो.

डिस्कचं वेगळंच. रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या) कार्डामागे डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलकेला एकच मोठी डिस्क दिसते, आतल्या खऱ्या डिस्क बघायच्या तर डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलला हायफन डी मेगारेड आणि डिस्कचा नंबर द्यावा लागतो. तिथे पॉवर ऑन अवर्स (डिस्क किती तास चालू होती) बघा, वर्षाचे ८७६० तास होतात, भागाकार करून वर्षं काढा आणि मगच पैसे द्या.

बदली स्टिक एकोणिसाव्या दिवशी आली. लावली, फ्रीमध्ये परत ६२ दिसलं, नवा सिरीयल नंबर फाइलमध्ये लिहिला आणि त्यांनाही मेल केला. आता ईडॅकचा सीई काउंट (दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा) रोज सकाळी क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीने) मेलवर येतो. आजचा शून्य.